दिवेलागणीला उजाडलं

बाईंच्या खोलीतल्या कपाटावर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आहे. तिला ना पडदा, ना बटण. एका बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो आणि दुसऱ्या बाजूच्या वायरीला छोटा स्पीकर जोडलेला आहे. दिवसातून चार वेळा त्या स्पीकरमधून बाईंचा मुलगा बोलतो. स्वतः तो अमेरिकेत आहे. आवाज तेवढा इथं ठेवून गेलाय. सकाळी म्हणतो, "आई, उजाडलं. सकाळची गोळी घे, मग चहा." दुपारी म्हणतो, "आई, दुपारची गोळी. थोड्या वेळानं जेव." चार वाजता आणखी एकदा, आणि रात्री, "आई, शेवटची गोळी. आता नीज."

त्या डबीत लिनक्स नावाचं काहीतरी चालतं, एवढं मला ठाऊक होतं, कारण ती बसवताना मुलानं बजावून सांगितलं होतं. "ताई, हे विंडोज नाही, लिनक्स आहे. उगाच कुणाला हात लावू देऊ नका." मी कशाला हात लावतेय? मला या घरात काचेचा ग्लास उचलायचीही भीती वाटायची. हातून काही फुटलं, काही बिघडलं, की आपल्याला परत पाठवतील, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आजारी माणसांजवळ राहायचं काम मिळतं म्हणून गावाकडच्या एका बाईच्या ओळखीनं बेळगावला यायला निघाले, तर पहिल्याच प्रवासात डोळा लागला, बेळगाव मागं पडलं आणि मी उतरले ती थेट लोंढ्याला. फलाटावर पाट्या कानडी, आजूबाजूला झाडी, आणि मी पिशवी कवटाळून बसलेली. तिथून एका हमालानं उलट्या गाडीत बसवून दिलं. बाईंच्या दारात पोचले तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती. वाटलं, आता दारातूनच जा म्हणतील. बाई म्हणाल्या, "उशीर झाला ते झालं. आधी हातपाय धू. जेवण झाकून ठेवलंय." त्या जेवणाला मी अजून बांधलेली आहे.

बाई म्हणजे इथल्या एका मराठी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण भाजी मंडईत पन्नाशीच्या बायका अजून त्यांना बघून पदर सावरतात. घंटेच्या आधी डबा उघडला तर बाई डबा टेबलावर ठेवून घ्यायच्या, असं त्या बायकाच सांगतात. मला त्यांनी आल्यापासून रोज एक पान लिहायला लावलं. काहीही लिही म्हणायच्या, आज भाजी कशी केली ते लिही. थरथरत्या हातानं तांबडी खूण करायच्या आणि म्हणायच्या, "नववी म्हणजे शेवट नव्हे गं. तू तिथं पेन्सिल खाली ठेवलीस, एवढंच."

थरथर म्हणजे पार्किन्सनची. त्या दुखण्याचं लोकांना हात हलतात एवढंच ठाऊक असतं. खरं दुखणं हलण्याचं नाही, थांबण्याचं आहे. गोळी वेळेवर पोटात गेली की बाई चमचा धरतात, हसतात, मला रागावतात. वेळ टळली की अंगाचं लाकूड होतं, आणि हातापायांबरोबर गळाही लाकूड होतो. डॉक्टरांनी मला पहिल्या आठवड्यातच बसवून सांगितलं होतं, "गोळी लागू झाल्याशिवाय घास द्यायचा नाही. गळा बंद असताना अन्न गेलं तर ते पोटात जाणार नाही, छातीत उतरेल. या वयात तेवढं पुरे होतं." हे वाक्य मी रोज सकाळी उठल्यावर मनात म्हणते.

आणि गोळी द्यायची तर आधी आवाज यावा लागायचा. त्याचं कारण माझ्या आधीची बाई. तिनं एकदा गोळी दिली, विसरली, परत दिली. मग बाईंना अंगणात मुलींच्या रांगा दिसायला लागल्या. गणवेशातल्या, प्रार्थनेला उभ्या. रिकाम्या अंगणाला त्या सावधान-विश्राम सांगत राहिल्या. ते ओसरल्यावर त्यांनी कुणाच्याही हातून गोळी घ्यायची सोडली. स्वतःच्या आठवणीचाही त्यांना भरवसा राहिला नव्हता. म्हणून मुलानं ही डबी केली. डबी बोलली की गोळी, नाही बोलली तर नाही. बाईंना हे लगेच पटलं. घंटेवर चालायची सवयच होती.

तर त्या दिवशी काय झालं ते सांगते.

डबीतला आवाज अधूनमधून अडखळायला लागला होता. मुलगा म्हणाला, आतलं मेमरी कार्ड जुनं झालंय, नवीन पाठवतो. त्याचा एक मित्र बहिणीच्या लग्नासाठी गोव्याला निघाला होता. तो वाट वाकडी करून सकाळीच घरी आला, नखाएवढं नवं कार्ड डबीत घातलं, जुनं तपासायला परत न्यायचं म्हणून खिशात टाकलं. हिरवा दिवा लागला. "झालं बघा," म्हणाला, बाईंच्या पाया पडला, चहाही न घेता गेला.

सकाळच्या गोळीची वेळ झाली. कपाटावरून आवाज आला नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, गोळी तळहातावर घेतली, पाणी घेतलं. बाईंनी ओठ मिटून घेतले.

"बाई, वेळ झालीय हो."

"घंटा नाही झाली."

"मशीन बिघडलंय बाई. घड्याळ बघा ना."

"घड्याळ तू बघ," त्या म्हणाल्या. "मला माझा मुलगा सांगेल."

मुलाला फोन लावला, लागला नाही. तो त्या दिवशी कामासाठी विमानात होता, हे नंतर कळलं. मग जिना चढून वर भाडेकरूंकडं गेले. वर एक नवरा-बायको राहतात. नवरा बँकेत, त्यांना मी अण्णा म्हणते. त्यांची बायको निपाणीची, ती माझी आक्का. अण्णा बँकेला जायच्या गडबडीत होते, शर्टाची बटणं लावत खाली आले. त्यांनी डबीची वायर टीव्हीला लावली, वरून आपला की-बोर्ड आणला. टीव्हीवर काळा पडदा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात वेळ. डबीच्या पाठीवर मुलानं पासवर्डाची चिकटपट्टी लावली होती, तो घातल्यावर आत जाता आलं.

"अगं, टायमच चुकलाय की हिचा," अण्णा म्हणाले. "हिच्यात अजून कालची रात्र चाललीया."

"तुम्हाला येतं का हे, अण्णा?"

"येतं म्हंजे काय, फोनवर बघून करायचं. बँकेत तरी दुसरं काय करतोय?"

फोनमध्ये शोधून, एकेक अक्षर बघत त्यांनी डबीचं घड्याळ हातानं गोळीच्या वेळेच्या जरा आधीवर आणलं. थोड्याच वेळात आवाज आला, "आई, उजाडलं." बाईंनी तोंड उघडलं. मला अण्णांच्या पायाच पडावंसं वाटलं. आक्का जिन्यावरून म्हणाली, "बघ गं, आमचं दाल्लं कधीमधी उपयोगी पडतंय."

सकाळ चांगली गेली. बाईंनी पेपर ऐकला, बेळगुंदीची रताळी आली होती ती सोलताना बघितली, दुपारी कुस्करून दुधात दे म्हणाल्या.

दुपारी पुन्हा आवाज आला नाही. टीव्ही लावून बघितला तर कोपऱ्यातली वेळ पुन्हा मध्यरात्रीपलीकडची. जणू अण्णांनी काही केलंच नव्हतं. अण्णांना फोन केला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. "गर्दी हाय गं लई. संध्याकाळी येतो, तवर हात लावू नको." मुलाचा फोन वाजत होता, पण तिकडं मध्यरात्र. उचलला नाही.

गोळी नेली. ओठ मिटलेले. "नाही झाली," एवढंच.

मग मला एक सुचलं. माझ्या फोनवर मुलाचे जुने आवाजी निरोप होते. त्यातल्या एकात तो म्हणतो, "ताई, आईला गोळी दिली का?" मी तो कपाटाआड उभी राहून वाजवला. बाईंनी मान न वळवता म्हटलं, "तो फोन खाली ठेव. माझा मुलगा मला अगं-तुगं करतो, ताई म्हणत नाही."

हसू आलं असतं, पण बाईंची मान तोवर एका बाजूला कलायला लागली होती. बोटं वळली. चेहऱ्यावरच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्या, हे या दुखण्यात होतं, माणूस आत असतो आणि चेहरा बंद होतो. चारची गोळीही हुकली. मी विनवलं, रडले, एकदा जोरानं बोललेसुद्धा. त्यांचे डोळे तेवढे हलत होते. भूक लागलेली दिसत होती, ओठ ताटाकडं वळत होते. रताळ्याचा बोटभर लगदा दिला तर तो गालात तसाच राहिला. मी बोट घालून काढून घेतला. मग ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, त्यांना दिसायला नको म्हणून.

आक्का खाली येऊन बसली. म्हणाली, "जबरीनं घाल की गोळी."

"घातली तर अडकेल आक्का. त्यांनी स्वतः गिळायला पाहिजे."

"बया बया. पोरगं बोलंना तर आई गिळंना."

दिवेलागणी झाली. आक्कानं देवाजवळ दिवा लावला आणि सवयीनं चहाही ठेवला. ती कपबशी घेऊन खोलीत आली, आणि नेमकं तेव्हा कपाटावरून आवाज आला. स्वच्छ, ताजा, हसरा.

"आई, उजाडलं. सकाळची गोळी घे, मग चहा."

बाहेर अंधार पडत होता. शेजारच्या घरात ट्यूबलाइट फडफडत लागली. आणि बाईंच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. ओठ सुटले. मी गोळी जिभेवर ठेवली, चमचाभर पाणी दिलं, मोठ्या मुश्किलीनं ती खाली गेली. मला हायसं वाटलं. गोळी गेली, आता थोडा वेळ थांबलं की गळा सुटेल, मग भरवू.

पण त्यांची सकाळ झाली होती, आणि सकाळी गोळीपाठोपाठ चहा. मुलानंही तेच सांगितलं होतं. दिवसभर लाकूड झालेला हात कुठून हलला कोण जाणे, त्यांनी आक्काच्या हातातला कप ओठांना ओढून घेतला. आक्का "बाई, दमानं, दमानं" म्हणेपर्यंत घोट गेला होता.

ठसका नीट आलासुद्धा नाही. ठसका यायलाही ताकद लागते. घशातून फक्त घरघर, आणि ओठ निळे पडत चाललेले. आक्कानं त्यांना पुढं वाकवून पाठीत थापट्या मारल्या, मी तोंड खाली धरलं. त्या गोंधळात माझा फोन वाजायला लागला. मुलाचा रोजचा फोन. तिकडं त्याची सकाळ झाली होती.

आक्कानं उचलला आणि ओरडली, "थांबा जरा, तुमच्या आईचा जीव जातोय हितं!"

जीव गेला नाही. श्वास आला. पण रात्रीत ताप चढला आणि पहाटे आम्ही बाईंना दवाखान्यात नेलं. चहा छातीत उतरला होता.

दवाखान्यात बाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांच्याजवळची नर्स कानडी. ती येता-जाता मला विचारायची, "ऊटा आयता?" जेवलीस का. मी मान हलवायची, हो की नाही हे मलाही माहीत नसायचं. माझ्या डोक्यात फिरत होतं, मी त्या कपाच्या जवळ उभी होते. मुलगा आता मला ठेवणार नाही. ठेवूही नये.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी बाईंचे कपडे न्यायला घरी आले होते. आक्का सोबत होती. अण्णा रजा टाकून बाईंजवळ बसले होते. मी आधीच बोलायला लागले, "दादा, माझी चूक…"

"तुमची कुठली चूक, ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज कपाटावरच्या आवाजासारखा अजिबात नव्हता. "कार्ड मी इथं माझ्या टेबलावर तयार केलं. त्यात माझ्याकडचा टाइमझोन राहिला. माझी सकाळ म्हणजे तुमची दिवेलागणी. पाठवताना बदलायचा राहून गेला."

"पण अण्णांनी वेळ बरोबर केली होती."

"डबीचं घड्याळ चुकलेलंच नव्हतं. ती इंटरनेटवरून जगाची वेळ विचारून घेते. फक्त आपण कुठं आहोत, ते तिला चुकीचं सांगितलं होतं. अण्णांनी हातानं काटे फिरवले, तिनं जगाला विचारून परत जागेवर आणले. वेळ बदलायची नाही, ठिकाण बदलायचं." मग म्हणाला, "आता करता का? मी सांगतो तसं. आई घरी येईपर्यंत नीट व्हायला हवं."

मी की-बोर्ड पुढं ओढला. इंग्रजी अक्षरं मला येतात, पण शोधावी लागतात. तो सांगत गेला, आक्का फोन धरून उभी राहिली, मी टीव्हीकडं बघत एकेक अक्षर दाबत गेले. आधी sudo, मग जागा सोडून:

timedatectl set-timezone Asia/Kolkata

"ए मोठा. के पण मोठा. मध्ये तिरकी रेघ."

"कोलकाता?" आक्का मध्येच बोलली. "बेळगाव न्हाय व्हय त्यात?"

"नाही आक्का."

"मग निपाणी तरी?"

"भारताला एकच आहे. कोलकाता घातलं की आपली वेळ येते."

"बघा. ते म्हणत्यात बेळगाव आमचं, हे म्हणत्यात आमचं, आन् ह्या डबड्याच्या लेखी आपण कलकत्त्याचं. मिटलं भांडण."

तो तिकडं हसला. हसता हसता त्याचा आवाज भलतीकडंच गेला.

मग डबीनं पासवर्ड मागितला. पाठीवरच्या चिकटपट्टीवर बाईंच्या माहेरचं गाव इंग्रजीत लिहिलेलं होतं, उचगाव. मी अक्षरं दाबली, पडद्यावर काहीच उमटलं नाही. परत दाबली, परत काही नाही. "दादा, की-बोर्ड मेला हो. माझ्याकडून काहीतरी झालं."

"नाही ताई. पासवर्ड दिसत नाही, पण तिला कळतोय. पुसून पुन्हा घाला, आणि एंटर मारा. विश्वास ठेवा."

मारला. काही आवाज नाही, शाबासकी नाही, नुसती खालची ओळ आली. लिनक्सचं असंच असतं म्हणाला, काम झालं की ते गप्प बसतं. मग त्यानं वेळ बघायला लावली. पडद्यावरची वेळ आणि भिंतीवरची वेळ एक झाली होती. शेवटी डबी बंद करून परत चालू करायला लावली. घड्याळ सुधारलं तरी घंटा वाजवणाऱ्याला ते कळलेलं नसतं, म्हणाला, त्याला एकदा झोपेतून उठवावं लागतं.

मी बाईंची लुगडी घडी घालून पिशवीत भरत होते, तेव्हा आवाज आला. अगदी वेळेवर.

"आई, दुपारची गोळी. थोड्या वेळानं जेव."

रिकाम्या पलंगाकडं बघून आक्कानं पदर तोंडाला लावला. फोन तिच्या हातात चालूच होता, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

बाई घरी आल्या, पण नाकातून पोटात गेलेली नळी घेऊन. मी डॉक्टरांना विचारलं, गिळणं परत येईल का. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही. बघू." ते बघू अजून चाललंय. बोलणंही जवळजवळ गेलं. गोळी आता मी पाण्यात विरघळवून नळीतून सोडते. त्याला बाईंचं हो-नाही लागत नाही.

मला कुणी परत पाठवलं नाही. मुलगा मध्ये येऊन गेला, आईजवळ बसून राहिला. जाताना म्हणाला, "ताई, हा आवाज बंद करून टाकू का? आता तुमच्या फोनचा गजर पुरे. मला तो ऐकवत नाही."

मी आजवर त्याला कशालाच नको म्हटलं नव्हतं. म्हटलं, "राहू द्या, दादा." त्यानं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, चार वाजेपर्यंत थांबा, मग बघा.

चारला आवाज आला. बाईंनी डोळे उघडले, कपाटाकडं वळवले, आणि तोंड उघडलं. थोडंसंच, पण गोळी ठेवता येईल एवढं.

तो उठून बाहेर गेला. आवाज बंद न करताच गेला.

रोज चार वेळा त्या तसं तोंड उघडतात. डबीची वेळ आता कधी चुकत नाही. मी आधी नळीतून औषध सोडते, मग कापूस ओला करून, घट्ट पिळून, त्यांच्या ओठांवरून फिरवते. थेंब आत जाणार नाही एवढाच ओला. तो फिरवून झाला की त्या ओठ मिटून घेतात.